फर्नांडिस, लोपीस, रॉड्रिग्ज: आडनावाच्या शेवटचा तो 'स' कुठून आला?

प्रश्न थोडक्यात असा आहे की गोव्यात आणि वसईत फर्नांडिस, लोपीस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस, मेंडिस अशी जी आडनावं आहेत त्यांच्या शेवटी सारखा 'स' नाहीतर 'झ' का येतो, ते इंग्लिशसारखं अनेकवचन आहे का की त्याचा अर्थ 'मुलगा' होतो, आणि स्पॅनिश खेळाडूंच्या जर्सीवर त्याच जागी झेड का दिसतो. मी बरीच वर्षं पुण्यात स्पॅनिश आणि पोर्तुगीज शिकवते आणि हा माझा अगदी आवडता विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, सवडीने वाचा.

आधी सरळ उत्तर. अनेकवचन नाही. 'मुलगा' हा अर्थ जवळचा आहे पण पूर्ण बरोबर नाही. तो प्रत्यय म्हणजे आपला 'चा-ची-चे'. फर्नांदेस म्हणजे फर्नांदोचा किंवा फर्नांदोची, लोपेस म्हणजे लोपेचा, रोद्रीगेस म्हणजे रोद्रीगोचा, गोन्साल्वेस म्हणजे गोन्सालोचा. 'मुलगा' हा शब्द त्यात कुठेच नाही, तो ऐकणाऱ्याने समजून घ्यायचा.

हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून एक घराणं जवळून बघू. स्पेनचा सगळ्यात गाजलेला मध्ययुगीन योद्धा एल सिद, ज्याने व्हॅलेन्सिया जिंकलं आणि 1099 मध्ये वारला, त्याचं खरं नाव रोद्रीगो दीआझ दे विवार. आता त्याच्या घरातली नावं ओळीने वाचा. आजोबा लाईन नुन्येझ, वडील दिएगो लाईनेझ, तो स्वतः रोद्रीगो दीआझ, आणि त्याचा मुलगा दिएगो रोद्रीगेझ. चार पिढ्या, चार वेगळी 'आडनावं', कारण ती आडनावं नव्हतीच. आजोबा नुन्योचे म्हणून नुन्येझ, वडील लाईनचे म्हणून लाईनेझ, एल सिद दिएगोचा म्हणून दीआझ, त्याचा पोरगा रोद्रीगोचा म्हणून रोद्रीगेझ. दिएगोचं दीआझ कसं झालं असं वाटेल, तर दिएगो हे नाव जुन्या लॅटिन कागदांत दिदाकुस असं येतं, त्याचं झिजलेलं रूप दिया, आणि दियाला झेड लागून दीआझ. तेच पोर्तुगीजमध्ये दियश आणि तेच आपल्याकडे इंग्लिश उच्चाराच्या वळणाने डायस.

आता मुलींचं बघा, कारण इथे 'मुलगा' हा अर्थ कोसळतो. एल सिदच्या मुली क्रिस्तिना रोद्रीगेझ आणि मारिया रोद्रीगेझ. प्रत्यय तोच, स्त्रीलिंगी काही वेगळं नाही. आणि त्याच्या बायकोचं नाव हिमेना दीआझ. वाचणाऱ्याला वाटतं लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलं असणार. तर नाही, तिच्या वडिलांचंही नाव दिएगोच होतं, दिएगो फर्नांदेझ म्हणून ओव्हिएदोकडचे सरदार. नवरा एका दिएगोचा, बायको दुसऱ्या दिएगोची, म्हणून दोघंही दीआझ. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं कारण एकाच जोडप्यात सगळा प्रत्यय समजतो. नातं बापाशी, लिंगाशी संबंध नाही, नवऱ्याशी तर नाहीच.

मराठी माणसाला हे समजायला खरं म्हणजे सगळ्यात सोपं आहे. रोद्रीगो, दीआझ, दे विवार, म्हणजे स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. आपल्याकडे गणेश विठ्ठल चिपळूणकर लिहितात तीच रचना, मधलं नाव दर पिढीला बदलतं आणि शेवटचं गाव सांगतं. फरक इतकाच की तिकडे पुढे गाव बऱ्याच जणांचं गळून पडलं आणि मधलं नाव गोठून आडनाव होऊन बसलं.

हे गोठणं एका दिवसात झालं नाही, साधारण तेराव्या ते पंधराव्या शतकात हळूहळू झालं, आधी वरच्या घराण्यांत, मग बाकीच्यांत. वारसाहक्क, जमिनीचे कागद, चर्चच्या नोंदी, या सगळ्यांना एक टिकणारं नाव लागतं. एकदा ते गोठलं की लोपेझच्या बापाचं नाव लोपे असायची गरज राहिली नाही, कुठल्यातरी खापरपणजोबाचं लोपे असलं की झालं. आजच्या स्पेनमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव गार्सिया आणि त्याच्या मागची आठ म्हणजे रोद्रीगेझ, गोन्झालेझ, फर्नांदेझ, लोपेझ, मार्तिनेझ, सांचेझ, पेरेझ आणि गोमेझ. आठच्या आठ याच प्रत्ययाची. आणि गार्सियासुद्धा मुळात माणसाचं नावच, फक्त प्रत्यय न लावता तसंच आडनाव झालेलं. आफोन्सोचंही तेच, म्हणून गोव्यात आफोन्सो हे आडनाव प्रत्ययाशिवाय दिसतं. आपल्या हापूसमध्ये जो आफोन्सो लपलाय तो हाच, फक्त तिथे ते आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नरचं पहिलं नाव आहे.

आता नावांच्या आत काय आहे ते. यातली बरीच नावं गॉथिक आहेत, म्हणजे रोमन सत्ता गेल्यावर व्हिसिगॉथ लोकांनी 711 पर्यंत तिथे राज्य केलं त्यांच्या जर्मानिक भाषेतली. रोद्रीगोमध्ये कीर्ती आणि राजा असे दोन तुकडे, एनरीकेमध्ये घर आणि राजा, गोन्सालोच्या जुन्या गुंदिसाल्वुस या रूपातला गुंद म्हणजे युद्ध, फर्नांदोचा दुसरा भाग म्हणजे धाडसी. पण लोपे मात्र लॅटिन लुपुस म्हणजे लांडगा, आणि मार्तिन हा रोमन युद्धदेव मार्सवरून. मेंडिसची गंमत वेगळी आहे, हेर्मेनेगिल्दो एवढं लांबलचक नाव, त्याचं झिजून मेनेंदो, अजून झिजून मेंदो, आणि मेंदोचा तो मेंदेस. स्पॅनिशमध्ये मेनेंदेझ आणि मेंदेझ अशी दोन्ही रूपं शिल्लक आहेत. पेद्रोचं जुनं रूप पेरो, म्हणून पेरेझ, पोर्तुगीजमध्ये पेरेस आणि पिरेस. जुवांव म्हणजे आपल्या जॉनवरून एआनेस आणि स्पॅनिशमध्ये यान्येझ, इबान्येझ. आल्व्हारिसचं आखूड रूप आल्व्हिस. नुनीस नुन्योवरून, सोआरिस सुएरोवरून, एस्तेविस एस्तेवांववरून. टेनिसपटू लिअँडर पेसचं आडनाव पायो या नावावरून, आणि पायो म्हणजे पेलायो. आणि वाझ? तो वास्कोचा. वास्केस असं पूर्ण रूपही आहे, वाझ हे त्याचं आवळलेलं. बाणावलीत 1651 मध्ये जन्मलेले आणि 2015 मध्ये संतपद मिळालेले जोसेफ वाझ यांच्या आडनावात आणि वास्को शहराच्या नावात माणसं वेगळी पण नाव एकच आहे.

बरं, आता मुख्य कोडं. हा प्रत्यय आला कुठून? इथे शंभर-दीडशे वर्षं विद्वान भांडतायत आणि एकमत नाही. तीन उत्तरं प्रामुख्याने दिली जातात.

पहिलं, लॅटिन षष्ठी. रोदेरिकुस या लॅटिन रूपाची षष्ठी रोदेरिकी, म्हणजे रोदेरिकचा, आणि त्यातला 'की' पुढे इ आल्यामुळे बदलत बदलत 'त्स' झाला, शेवटचा स्वर गळला आणि रोद्रीझ असं काहीतरी उरलं. मग लोकांना वाटलं शेवटचा 'इझ' हाच 'चा' आहे आणि तो त्यांनी बाकीच्या नावांना लावला. ऐकायला छान आहे आणि थोडंफार तथ्यही असावं, पण अडचण बघा. खरं रूप रोद्रीझ नाही, रोद्रीगेझ आहे. म्हणजे रोद्रीगो हे पूर्ण तयार झालेलं नाव घेऊन, त्यातला ग तसाच ठेवून, शेवटी प्रत्यय जोडलाय. जर हे आडनाव लॅटिन षष्ठीतून सरळ झिजत आलं असतं तर तो ग टिकला नसता. म्हणजे लोक रोद्रीगेझ म्हणायला लागले तेव्हा प्रत्यय आधीच सुटा, जिवंत, कुठेही लावता येण्यासारखा होता. शिवाय बाकीच्या नावांची लॅटिन षष्ठी नुसती 'ई' ने होते, मार्तिनुसचं मार्तिनी, त्यात झेड यायला जागाच नाही.

दुसरं उत्तर, गॉथिक षष्ठी. नावं गॉथिक आहेत तर प्रत्ययही गॉथिक असेल, आणि गॉथिकमध्ये षष्ठी 'इस' ने होतेच. पण मध्ययुगीन कास्तिलियन भाषेत, म्हणजे आजच्या स्पॅनिशच्या जुन्या रूपात, साधा स आणि झेडने लिहिलेला आवाज हे दोन स्वच्छ वेगळे होते. झेड म्हणजे तेव्हा 'त्स', आपल्या चमच्यातल्या च सारखा. लिहिणाऱ्यांची दोघांत सहसा गल्लत होत नसे, आणि बापाच्या नावाच्या या प्रत्ययाला ते झेडच लिहितात. गॉथिक 'इस' मधून स मिळाला असता, त्स नाही. त्यामुळे हे उत्तर मला सगळ्यात कच्चं वाटतं, जरी इंटरनेटवर तेच सगळ्यात जास्त फिरत असलं तरी.

तिसरं, रोमन लोकांच्याही आधीच्या भाषांतून आलेला प्रत्यय. रामोन मेनेंदेझ पिदाल, स्पॅनिश भाषेच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नाव आणि ज्यांच्या स्वतःच्या आडनावात हा प्रत्यय आहे, त्यांनी आंतोनियो तोवार यांच्यासोबत 1962 मध्ये झेडने संपणाऱ्या प्रत्ययांवर मोठं काम केलं आणि त्यांचा रोख याच बाजूला होता. याच्या जवळचं म्हणजे बास्क भाषेचं स्पष्टीकरण. बास्क ही त्या भागातली लॅटिनच्या आधीची भाषा, आजही बोलली जाते, आणि तिच्यात 'झ' हा आपल्या तृतीयेच्या 'ने' सारखा प्रत्यय आहे. एस्कू म्हणजे हात, एस्कूझ म्हणजे हाताने. ओइन म्हणजे पाय, ओइनेझ म्हणजे पायी. 'ने' पासून 'मुळे, कडून, चा' इथपर्यंत अर्थ सरकणं अवघड नाही. आणि याला भूगोलाचाही आधार मिळतो, कारण बास्क मुलखाला लागून असलेल्या पाम्प्लोनाच्या राजघराण्यात हा प्रत्यय फार लवकर दिसतो, गार्सिया इन्यिगेझ, सांचो गार्सेस वगैरे. त्याच गार्सिया इन्यिगेझला अरबी इतिहासकार गार्सिया इब्न वन्नको लिहितात, म्हणजे शेजारच्या मुसलमान दरबारातल्या लेखकांना हा प्रत्यय इब्नसारखा आहे हे पक्कं कळलेलं होतं.

अजून एक गोष्ट तिसऱ्या बाजूला झुकते. या प्रत्ययाचा स्वर पक्का नाही. बहुतेक ठिकाणी ए, पण ओर्तिझ, रुईझमध्ये इ, दीआझमध्ये आ, मुन्योझमध्ये ओ. काही ठिकाणी तो स्वर नावाचाच आहे हे खरं, पण एकंदर चित्र असं दिसतं की मुळातला प्रत्यय नुसता 'झ' असावा आणि स्वर नंतर बसलेला. माझा स्वतःचा कल असा आहे की बी स्थानिक, बास्क किंवा तसलंच काही, आणि त्याला खतपाणी लॅटिनमध्ये कागद लिहिणाऱ्या कारकुनांचं, कारण त्यांना 'इकी' ने संपणारी षष्ठी ओळखीची होती आणि बोलीतला 'इझ' त्यात सहज बसत होता. दहाव्या-अकराव्या शतकातल्या कागदांत एकाच माणसाचं नाव वेगवेगळ्या शेवटांनी लिहिलेलं सापडतं ते त्यामुळेच.

झेड आणि एसचा प्रश्न त्यामानाने सोपा. कास्तिलियनमध्ये तो 'त्स' पुढे इंग्लिश थिंकमधल्यासारखा, जीभ दातांत धरून म्हणायचा आवाज झाला, म्हणून माद्रिदचा माणूस आजही लोपेझचा शेवट स ने करत नाही, पण दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाच्या बऱ्याच भागात आणि सगळ्या लॅटिन अमेरिकेत तो साधा स झाला. लिहिताना मात्र सगळे झेडच लिहितात. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटी दोन्ही आवाज एकच झाले त्यामुळे स्पेलिंगला धरबंध राहिला नाही, जुन्या कागदांत फर्नांदेझ आणि फर्नांदेस दोन्ही मिळतात, मग 1911 च्या स्पेलिंग सुधारणेपासून जिथे शेवटावर आघात, म्हणजे बोलताना जोर, नाही तिथे एस पक्का झाला. वाझमध्ये स्वर एकच, आघात त्यावरच, म्हणून तिथे झेड राहिला. गोव्यात डिसोझा झेडने लिहितात आणि लिस्बनमध्ये सोझा एसने, याचं कारण गोव्याने जुनं स्पेलिंग धरून ठेवलं. आणि हो, लिस्बनमध्ये शेवटचा एस 'श' सारखा ऐकू येतो, फर्नांदश. आपल्याकडचा ड इंग्लिशमुळे आला, मूळ द च आहे. हर्नांदेझ गोव्यात का नाही असंही विचारलं जातं, तर फ चा ह होणं आणि मग तो ह सुद्धा गळणं ही कास्तिलियनची खोड, पोर्तुगीजने फ सोडला नाही.

आता सावध राहायची जागा, कारण शेवटी 'एस' दिसला की सगळेच बापाचं नाव शोधायला लागतात. पोर्तुगालचा माणूस तो पोर्तुगेस, यातला 'एस' वेगळा, लॅटिन 'एन्सिस' वरून, म्हणजे अमुक ठिकाणचा. त्याचेच भाऊ इटालियनमध्ये मिलानेसे आणि फ्रेंचमध्ये फ्रांसे. स्पॅनिशमध्ये वेहेझ म्हणजे म्हातारपण, निन्येझ म्हणजे बालपण, यातला 'एझ' तिसराच, आपल्या 'पण' सारखा भाववाचक, लॅटिन 'इतिएस' वरून. हे दोन्ही ओळखायची खूण म्हणजे आघात. वेहेझमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर, पण लोपेझमध्ये लो वर, पेरेझमध्ये पे वर, फर्नांदेझमध्ये नां वर. बापाच्या नावाचा प्रत्यय जवळजवळ नेहमी हलका बोलला जातो. मुन्योझ, गार्सेस असे अपवाद आहेत पण थोडे. इंग्लिश कॉमेंट्रीत लोपेझ म्हणताना पेझ वर जोर देतात तो चूक आहे, आणि वसईतले लोक लोपीस म्हणताना लो वर जो जोर देतात तो अगदी बरोबर आहे. तोर्रेस म्हणजे खरंच अनेकवचन, मनोरे. रेइस म्हणजे राजे. आणि मिनेझिस म्हणजे मेनेझो नावाच्या कुणाचा मुलगा नाही, ते गावाचं नाव आहे, कास्तिल भागात मेनेसेस दे काम्पोस म्हणून गाव आहे तिथल्या सरदार घराण्यावरून. त्या घराण्याचं पूर्ण नाव तेल्लेझ दे मेनेसेस, तेल्लोचा आणि मेनेसेसचा, आणि त्या तेल्लेझचंच पोर्तुगीज रूप तेलिस. परेरा, डिसोझा, डिसिल्व्हा, कोस्टा ही तर या प्रकरणात येतच नाहीत, ती नासपतीचं झाड, नदी, जंगल आणि किनारा अशी आहेत.

बाकीच्या रोमान्स, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या, भाषांत हा प्रत्यय फारसा नाही. कातालान आणि व्हॅलेन्सियाकडे पेरिस, लोपिस, सांचिस असा 'इस' मिळतो तेवढाच. इटालियन लोक दी जोव्हान्नी असं पुढे 'दी' लावतात. रोमानियनमध्ये इओनेस्कू, पोपेस्कू यांतला 'एस्कू' काम तेच करतो, इओनचा, पाद्र्याचा, पण त्याची वंशावळ वेगळी, तो इटालियन 'एस्को' च्या गोत्रातला.

शेवटचा मुद्दा गोवा आणि वसईचा, कारण विचारणाऱ्याचा खरा रोख तिकडे होता असं मला वाटतं, की आपण फर्नांडिस म्हणजे आपल्या मुळाशी कुणी पोर्तुगीज फर्नांदो होता का. तर आडनावावरून तसं अजिबात सिद्ध होत नाही. गोवा 1510 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, वसई 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहकडून, आणि तोपर्यंत ही आडनावं पोर्तुगालमध्येच गोठून झालेली होती. इथे बाप्तिस्मा देताना धर्मपित्याचं, पाद्र्याचं किंवा एखाद्या अधिकाऱ्याचं आडनाव दिलं जाई. म्हणजे आडनाव आलं तेव्हा 'चा' हा अर्थ कधीच मेलेला होता, नुसतं नाव आलं. फिलिपिन्समध्ये तर 1849 मध्ये स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची छापील यादीच पाठवली आणि लोकांना त्यातून आडनावं वाटली. त्यामुळे दोन फर्नांडिस कुटुंबांचं एकमेकांशी रक्ताचं नातं असेलच असं नाही, अगदी शेजारच्या दोन गावांतली असली तरी. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी अशा वेगवेगळ्या समाजांत तीच आडनावं आहेत ती त्यामुळेच.

तुम्हाला स्वतःच्या घराण्याचा माग काढायचा असेल तर आडनावाच्या मागे पोर्तुगालपर्यंत जाऊ नका, तिकडे हाती काही लागणार नाही. गावच्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं आणि लग्नाचं रजिस्टर बघा, त्यात आईबाप, धर्मपिता आणि बहुतेक वेळा गाव-वाडा लिहिलेला असतो. गोव्यात असाल तर कोमुनिदादच्या, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, नोंदी बघा, गावकरांचे वांगड, म्हणजे मूळ घराण्यांचे गट, तिथे लिहिलेले असतात आणि ख्रिस्ती घराणीही आपल्या जुन्या वांगडातच राहिली आहेत. मंगळूरकडे गेलेल्या घरांत धर्मांतराआधीचं कूळ, प्रभू, नायक, कामत वगैरे, म्हाताऱ्या माणसांना अजून तोंडपाठ असतं, ते आधी विचारून लिहून घ्या. कागद वाचताना फर्नांदेझ, फर्नांदेस, फ्रझ अशी वेगवेगळी रूपं दिसतील, शेवटचं तर नुसतं लिहिणाऱ्याने आखडलेलं असतं, ती सगळी एकच धरा, आणि स्पेलिंग बदललं म्हणून माणूस बदलला असं समजू नका.